तुमारची तपासणी

"आधी हिला बसवा," जापारकुल म्हणाला आणि हातावरचा गरुड त्यानं सरळ डोळे तपासायच्या यंत्रासमोरच्या स्टुलावर टेकवला.

डॉक्टर बेगायिमच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला. सहा किलोची मादी. डोक्यावर, डोळे झाकणारी चामड्याची टोपी. एकेक नखी माणसाच्या करंगळीएवढी. बाहेरच्या बाकांवरचे रोगी केव्हाच अंगणात पळाले होते. त्यातली एक म्हातारी दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही म्हणून आली होती. गरुड बघून सगळ्यांत आधी दार तिलाच सापडलं.

"आबा, हे यंत्र माणसांचं आहे."

"डोळा तो डोळा. माझ्या तुमारला दिसेनासं झालंय. समोर कोल्हा आणि ही गेली काळ्या दगडावर! तीनदा. साऱ्या गावानं बघितलंय."

मागे उभा असलेला त्याचा मुलगा रिस्बेक कपाळाला हात लावून म्हणाला, "डॉक्टर, पक्षी ठणठणीत आहे. मी म्हणतो, यांचे डोळे तपासा."

"तू गप्प बस. तुला गरुड आणि कोंबडी यातला फरक कळत नाही."

यंत्र राजधानी बिश्केकहून चार दिवसांसाठी तळ्याकाठच्या या दवाखान्यात आलं होतं. सुई नाही, रंगाचं औषध नाही, नुसता उजेड. डोळ्याच्या पडद्यात जिथे रक्त हलतं तिथे पांढरी रेघ उमटते. जिथे हलत नाही तिथे काळोख. बेगायिमनं विचार केला, वाद घालण्यात सकाळ जाईल.

"असं करू या, आबा. आधी तुम्ही बसून दाखवा. दुखत नाही हे बघितलं की तुमारही बसेल."

"टोपी घातलीय, बघणार कशी?" म्हातारा म्हणाला. पण बसला. जरा जास्तच पटकन बसला. "रिस्बेक, हिला अंगणात ने. बंद खोलीत तिचा जीव घुसमटतो."

रिस्बेकनं जाड हातमोजा चढवला, डोळे घट्ट मिटले आणि तुमारला उचलून तो बाहेर गेला.

बेगायिमनं म्हाताऱ्याची हनुवटी टेकवून घेतली. आधी उजवा डोळा, मग डावा. यंत्राच्या पडद्यावर शिरा उमटू लागल्या. हिवाळ्यातल्या चिनाराच्या बारीक फांद्यांसारख्या, कडेकडेनं छान. मधे मात्र काही आलं नाही. तिनं फोटो पुन्हा घेतला. पुन्हा तोच काळा डाग, बरोबर नजरेच्या मध्यावर. दोन्ही डोळ्यांत. साखरेच्या आजारानं तिथल्या शिरा एकेक करून कधीच मेल्या होत्या. गळणाऱ्या शिरेला इंजेक्शन असतं. मेलेलीला काही नसतं, ना इथे, ना बिश्केकला. हे कसं सांगायचं ते तिला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

"आबा, माझा चेहरा दिसतो?"

"कानातली दिसतात. मधे काही नाही. तू देखणी असशील असं धरून चाललोय."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

तिनं ते लिहून घेतलं. अंगणातून रिस्बेकचा आवाज आला: "कुणीतरी पकडा रे हिला!"

"म्हणजे दगडावर तिला तुम्हीच सोडलंत. दगडालाच कोल्हा समजून."

"आणि बिचारी गेली. तीनदा. दगड आहे हे तिला तिथून दिसत नसेल? तरी मी सांगितलं म्हणून गेली."

"आबा, मला काही करता येणार नाही. खरंच काही नाही."

"माझ्या डोळ्यांचं नाहीच येणार. त्यासाठी आलंय कोण?" म्हातारा पुढे झुकला. तिच्या चेहऱ्याकडे म्हणून बघत होता तो तिच्या कानाकडे. "आमच्यात रीत आहे. शिकाऱ्याची नजर गेली की पक्षी डोंगरात सोडायचा. मेंढा कापायचा, गावाला जेवायला घालायचं आणि मागे वळून बघायचं नाही. रिस्बेकनं मेंढाही हेरून ठेवलाय. वाईट नाही तो, रीतीचा पक्का आहे."

"मग?"

"आंधळ्या पक्ष्याला मात्र कुणी सोडत नाही. धन्यानं त्याला मरेपर्यंत हातानं भरवायचं असतं. तीही रीतच. हा फोटो तिच्या नावावर कर, पोरी. मला चष्मा लागलाय म्हणून सांग. आणि शिक्का ठळक मार, रिस्बेक शिक्क्यापुढे बोलत नाही."

बेगायिमनं त्या काळ्या डागाच्या फोटोचा रिपोर्ट छापला. मग तिनं रिपोर्टवरचं जापारकुलचं नाव खोडलं, नाक पुसलं आणि विचारलं,

"तुमारचं वय किती लिहू?"