पांढरं फडकं

धबधब्याखालच्या मोकळ्या जागेत एकच गाडी उभी होती. पांढरी, भाड्याची. ती पाहिली आणि स्टेनुन सीटवर पुढे सरकली.

"थांब," ती नवऱ्याला म्हणाली. "चर्चची किल्ली घेऊन गेला, त्या फोटोवाल्याची गाडी."

"असेना." ऑदगेरने वेग कमी केला नाही. "काढत असेल धबधब्याचे फोटो. जगात अजून एक कमी पडत होता."

धबधब्यापाशी चिटपाखरू नव्हतं. हवेत सडक्या अंड्यांचा वास भरला होता. बर्फाखालचा ज्वालामुखी पेटला की नदीकडून आधी हा वास येतो, मग वितळलेला बर्फ घेऊन नदीच येते. दोघांचे फोन मघापासून एकच ओरडत होते, घर सोडा.

"ऑदगेर, तो चर्चमध्ये असेल."

"चर्चला फडकं बांधलंस ना तू?"

"बांधलं."

"मग?"

मग काय. घर सोडताना दाराला पांढरं फडकं बांधायचं, म्हणजे आत कुणी नाही. बचाव पथक फडकं पाहतं आणि थांबत नाही, पुढच्या दाराकडे जातं. या खोऱ्यात हे शिकवावं लागत नाही. स्टेनुनने उशीचे अभ्रे फाडले, घराला बांधले, गोठ्याला बांधले. चर्च त्यांच्याच अंगणात, किल्ली आज्यापणज्यापासून त्यांच्याच घरात, म्हणून चर्चलाही बांधलं. दार ओढून पाहिलं तर बंद होतं. अंगणात गाडी नव्हती. गेला असेल कुलूप लावून, असं तिला वाटलं. तिने दार वाजवलं नाही. चर्चचं दार कोण वाजवतं?

दुपारी किल्ली घेताना तो हातवारे करून म्हणाला होता, माणसं मध्येमध्ये येतात, आतून लावून घेतो. ते तिला आत्ता आठवलं. गाडी खाली ठेवून चालत आला असेल, तर? त्या पत्र्याच्या भिंतींआड फोनही कधी लागत नाही.

"मी त्याला आत ठेवून फडकं बांधलंय," ती म्हणाली.

ऑदगेरने करकचून ब्रेक दाबला. "मागच्या महिन्यात असल्याच एकाने माझ्या बापाच्या थडग्यावर कॅमेऱ्याची तिवई रोवली होती. तुला तुझ्याच अंगणात म्हणाला होता, बाई, जरा बाजूला व्हा. यांना डोंगर पाहिजे, धबधबा पाहिजे, चर्च पाहिजे. आपण तेवढे नको."

हे सगळं बोलत त्याने गाडी वळवली.

वळण संपलं तिथे रस्ताही संपला होता. खोलगटात तपकिरी पाणी चढलं होतं आणि त्यातून गाडीएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत चालले होते. आवाज असा की दातांत जाणवत होता. ऑदगेरने गाडी पुन्हा फिरवली आणि टेकडीवर घातली.

वर नाक्यावर बचाव पथकाचा ऑरी उभा होता, स्टेनुनच्या बहिणीचा मुलगा. दाढीत राख, हातात वायरलेस.

"आलात, सुटलो," तो म्हणाला. "आमची पोरं तुमच्याकडे जाऊन आली, मावशी. सगळ्या दारांना फडकी. बाकीच्यांनी तुझ्याकडून शिकावं."

"ऑरी, चर्चमध्ये माणूस आहे."

"फडकं होतं की."

"मीच बांधलं. न बघता बांधलं. हेलिकॉप्टर पाठव."

ऑरीने आधी ऑदगेरकडे पाहिलं. "हेलिकॉप्टर कोलबेनकडे निघालंय."

कोलबेन ऑदगेरचा धाकटा भाऊ. मेंढ्या खाली आणायला डोंगरावर गेला होता आणि तिथल्या झोपडीत अडकला होता. झोपडी उंचावर, तिथे पाणी पोचणार नव्हतं. राख पोचणार होती, पोचत होती. त्याची छाती मुळातच अधू.

"त्याला आणून मग चर्चकडे," स्टेनुन म्हणाली.

"दुसरी फेरी नाही. राखेत यंत्र बंद पडेल, वैमानिकाने आधीच सांगितलंय." ऑरीचा आवाज खाली गेला. "मावशी, तो माणूस आत आहे, हे तू पाहिलंस?"

तिने गाडी पाहिली होती. बंद दार पाहिलं होतं. तो चर्चमध्ये असेल, नाहीतर कुठल्या तरी खडकावर उभा राहून धूर टिपत असेल, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीतून केव्हाच गावात जाऊन कॉफी पीत बसला असेल. कोलबेन मात्र झोपडीतच होता. त्यात शंका नव्हती.

पण कोलबेनच्या दाराला तिने फडकं बांधलं नव्हतं.

"मावशी. हो की नाही?"

"पाहिलं," स्टेनुन म्हणाली.

ऑरी वायरलेसवर बोलू लागला. ती फडकं बांधत होती तेव्हा ऑदगेर अंगणात, गाडी चालू ठेवून बसला होता. तिने काय पाहिलं आणि काय नाही, ते त्याला ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. ढगांमागे, खूप लांब, हेलिकॉप्टरची घरघर दिशा बदलत होती.

मग वायरलेस खरखरला. कोलबेनचा आवाज आला, खोकत, अर्धवट हसत.

"ऑरी, अरे तुमचा पायलट झोपलाय का? अगदी डोक्यावर आला होता. मी बाहेर उभा राहून बॅटरी हलवतोय. आता आवाज लांब चाललाय. परत येतोय ना तो?"

ऑरीने वायरलेस तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. ऑदगेरने वायरलेस त्याच्या हातातून काढून घेतला आणि बायकोपुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "तुझा दीर विचारतोय."