श्रियाचे कान

“केस कानांवर घे,” बँकेसमोर गाडी लावता लावता रमण श्रियाला म्हणाला.

मागच्या सीटवर त्याच्या बायकोला, सुचित्राला हसू आलं. त्यांच्या लेकीला खोटं बोलता येत नसे. म्हणजे तोंडाला जमायचं, पण कान चुगली करायचे. डब्यातले लाडू कुणी संपवले, या प्रश्नापासून लाल होत आलेले ते कान आज गप्प बसायला हवे होते.

बेत साधा होता. लोअर हट या उपनगरातलं दोन बेडरूमचं घर श्रियाच्या नावावर घ्यायचं, जामीन रमण. स्वतः राहायला घर घेणाऱ्याला बँक आधी थोडीच रक्कम भरायला लावते. भाड्याने द्यायला घेतलं तर आधी भरायची रक्कम बरीच वाढते. तेवढी रमणकडे नव्हती. म्हणून युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला असलेल्या श्रियाने ‘मीच राहणार’ म्हणायचं, आणि राहायचं मात्र अप्पर हटला, आईबाबांकडे. भाडेकरूही ठरला होता, रमणच्या ऑफिसातला मकरंद.

एकदा तिने फ्लॅटिंगचा, म्हणजे मैत्रिणींबरोबर भाड्याचं घर वाटून राहण्याचा विषय काढला होता. “हक्काचं घर सोडून लोकांच्या घरात? स्वतःचं घर घे, मग खुशाल राहा,” असं म्हणून रमणने तो तिथल्या तिथे मिटवला होता.

“तू स्वतः राहणार ना या घरात?” बँकेतल्या बाईंनी विचारलं.

रमणने चटकन लेकीच्या कानांकडे पाहिलं. कार्टीने केस चक्क मागे बांधले होते!

“हो, मीच. मागची खोली माझी. सकाळचं ऊन येतं तिथे.”

कान जसेच्या तसे.

“स्वीट अ‍ॅज, मस्तच!” म्हणत बाईंनी सहीसाठी कागद पुढे केला.

बाहेर येताच रमणने लेकीची पाठ थोपटली. “काय अ‍ॅक्टिंग केलीस! मानलं बुवा.”

चाव्या मिळाल्या त्या दिवशी झाडू-पोछा काढायला त्याने गाडीची डिकी उघडली. आत गादी होती, पुस्तकं होती आणि कुकर.

“हे काय?”

“माझं सामान. बाबा, खोट्या कागदावर सही करायची माझी छाती नाही. मी खरं तेच सांगितलं. आणि स्वतःचं घर घे, मग खुशाल राहा, हे कोण म्हणालं होतं?”

रमणने बायकोकडे पाहिलं. तिने शांतपणे कुकर उचलला. “मकरंदला मी कालच नाही म्हणून कळवलंय. दुसरी खोली हिची मैत्रीण सिद्धी घेतेय. भाडं देऊन.”

स्वतःच्याच बोलण्यात असा अडकल्यावर माणूस काय करणार? रमणने निमूटपणे गादी आत नेली. पडदे लावले. नळ गळत नव्हता, तरी दोनदा पिळून पाहिला.

निघताना तो दारातच रेंगाळला. तो खाकरला.

“ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं तर आहेत. मला काही तुझी आठवणबिठवण येणार नाही हं.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खो-खो हसत सुटल्या. श्रियाचे कान कुणावर गेले होते, ते अख्ख्या रस्त्याला दिसत होतं.