मूळ टेपवरचा आवाज

"मशीन जुनं झालंय, म्हणून हळू वाजतंय," थोरल्याने ठोकून दिलं.

साउंड इंजिनिअर बाईंनी मान हलवली. मशीन त्यांनी सकाळीच तपासलं होतं. त्याच्या बँडच्या पहिल्या गाण्याची मूळ टेप बरोबर वेगातच चालली होती. बाजारात गेलेली रेकॉर्डच जलद होती. आता गाणं नव्याने निघतंयच, तर या वेळी खऱ्या वेगात काढायचं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. थोरल्याचे कान तापले. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

एके काळी दोघा भावांचा रॉक बँड होता. थोरला गिटार वाजवायचा, धाकटा गायचा. पहिलंच गाणं रेडिओवाल्यांना लांबलचक वाटलं, म्हणून थोरल्याने धाकट्याच्या माघारी टेपचा वेग जरा वाढवून घेतला. गाणं आटोपशीर झालं, आवाजही वर चढला, आणि रेकॉर्ड अशी खपली की विचारू नका. मग ती कॅसेटवर आली, सीडीवर आली, लोकांच्या मोबाइलमध्ये वाजली. दर वेळी तीच, जलद.

पंचाईत झाली ती स्टेजवर. लोकांना हुबेहूब रेकॉर्डसारखं हवं असायचं. म्हणून थोरला आधीच सगळ्या वाद्यांच्या तारा गुपचूप वरच्या सुरात चढवून ठेवायचा. धाकट्याला सुरांची नावं कुठे ठाऊक होती. गिटार नेईल तिकडे तो बिचारा जायचा. एकदा भर कार्यक्रमात त्याचा आवाज फाटला. लोक फिदीफिदी हसले. पुढच्या कार्यक्रमातही तेच. तेव्हा तरी थोरल्याने खरं सांगावं की नाही? छे! खरं सांगितलं तर रेकॉर्डची अब्रू जाईल, ही भीती. तुझा आवाज गेला रे बाबा, असं म्हणून त्याने भावाला घरी पाठवलं आणि दुसरा गायक आणला. धाकट्याने ते खरं मानलं. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागला, तो कायमचाच.

नव्या रेकॉर्डच्या वेष्टनावर दोघांचा फोटो हवा होता, म्हणून आज त्यालाही बोलावलं होतं. "आलो रे," म्हणत तो दारातून आत आला. थोरल्याच्या ओठांवर आलं होतं, बाई, आता लावू नका ते. नुसतं तेवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण भावाच्या तोंडाकडे बघवेना, इतकी लाज वाटली.

"लावा," तो म्हणाला.

गाणं सुरू झालं. संथ, खालच्या सुरात. जरासा घोगरा, भरदार आवाज, आत्ता दारात "आलो रे" म्हणालेला, तोच. धाकटा उभ्या उभ्या ऐकत राहिला. गाणं संपलं तेव्हा थोरल्याने मान खाली घालून सगळं ओकून टाकलं. वेग, चढवलेल्या तारा, सगळं.

"तुझा आवाज कधी गेलाच नव्हता. मला ठाऊक होतं."

आता एक मुस्काटात बसेल, असं त्याला वाटलं. बसली असती तर बरंच वाटलं असतं. पण धाकट्याने बाईंना गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मग हे आपल्या फोनवर मिळेल का, असं विचारलं. आता नवी रेकॉर्डच अशी काढू, थोरला घाईघाईने म्हणाला. कोणतीही काढा, धाकटा म्हणाला, आपल्याला ही घरापुरती मिळाली तरी पुष्कळ.

"घरी कशाला?"

"पोरीला ऐकवायला. ती लहान असताना मी रेकॉर्ड लावून सांगायचो, हा मी गातोय. ती म्हणायची, बाबा, हे तुम्ही नाहीच." धाकट्याने फोन बाईंच्या हातात दिला. "शेवटी मीच म्हटलं, हो गं, थापा मारत होतो."