संघातली मोकळी जागा

"खेळाडू मुलगा घरी ठेवते आहेस, तर एक लक्षात ठेव. दिवा बंद करून जेवायला लागला, की आधी कोचला कळव," शेजारच्या डोरीनने बजावलं होतं. लीअ‍ॅन हसली होती, "बरंच की, वीजबिल वाचेल माझं."

गावच्या आइस हॉकी क्लबने तिच्याकडे राहायला दिलेला कीटन अठरा वर्षांचा. व्यावसायिक क्लबांनी यंदा आपले तरुण तारे राष्ट्रीय संघासाठी सोडले नाहीत, म्हणून कॅनडाच्या ज्युनियर संघात जागा झाली आणि कीटनचं नाव चर्चेत आलं. त्याच आठवड्यात सामन्यात त्याचं डोकं कडेच्या फळीवर आपटलं. तेव्हापासून उजेड डोळ्यांना सहन होत नाही म्हणून तो अंधारात जेवायचा.

"कोचला बोललीस तर माझी जागा गेलीच म्हणून समज. निवड होईपर्यंत गप्प राहा ना, भांडी मी घासतो."

ती गप्प राहिली.

आज दुपारी फोन आला. निवड झाली होती. लीअ‍ॅनने हौसेने छोट्या लेकीलाच त्याला उठवायला वर पाठवलं.

लेक खाली आली. "आई, तो झोपेचं नाटक करतोय. मी बोटाने त्याचा डोळा उघडला, तरी माझ्याकडे बघत नाही."


डोकं दुखतंय म्हणून तुमच्याकडे कुणी पडलं असेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी त्याला हाक मारून या.