शंकरचो फोन

मालवाहू बोटीवर असलेल्या शंकरचा व्हिडिओ कॉल आला, की घरच्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय हमखास तुटायचं. म्हणून त्याच्या धाकट्या भावाने, गुरुप्रसादने, आज सकाळीच त्यात नवं वायफाय कार्ड बसवलं. गेले आठ दिवस शंकरचा फोन नव्हता.

लॅपटॉप सुरू केल्यावर गुरुप्रसादच्या ध्यानात आलं, की अँटेनाच्या दोन्ही तारा कार्डाला जोडायच्याच राहिल्या. तारांवाचून कार्डाला हातभर अंतरापलीकडचं काही सापडत नाही. पडवीतला घरचा राउटरसुद्धा वायफायच्या यादीत दिसत नव्हता.

यादीत एकच नाव होतं, शंकरच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. ‘शंकरचो फोन’. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या.

त्याने लॅपटॉप उजवीकडे सरकवला. एक काडी उतरली. डावीकडे, शंकरच्या रिकाम्या खुर्चीजवळ आणला, तशी ती पुन्हा भरली.

 गुरुप्रसादने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“आये,” त्याने हाक मारली, “दादाचो फोन इल्लो काय गो?”

स्वयंपाकघरातून आईचा हसरा आवाज आला.

“फोन कित्याक व्हयो? मगाशीच इलो मां तो, तुझ्या बाजूकच बसलो आसा. दोघय हात धुवा, पेज वाढतंय.”