नव्वद दिवसांची मुदत

फॉर्मवर मुदतीचा एक छोटा रकाना होता आणि गेली दोन वर्षं ती त्यात नव्वद दिवसच टाकत आली होती.

दोन ऑफिसांमध्ये अखंड वाहणाऱ्या माहितीची वाट सुरक्षित ठेवणारं ते सर्टिफिकेट. मुदत संपली की नवं बनवायचं. त्याचा अर्धा पासवर्ड तिच्याकडे, अर्धा पलीकडच्या ऑफिसातल्या इंजिनिअरकडे. त्यामुळे दोघांनी एकाच वेळी फोनवर असणं भाग होतं. काम दहा मिनिटांचं, गप्पा तासभर. फोन ठेवताना एक वाक्य मात्र दर वेळी तिच्या ओठांवर येऊन परत जायचं.

आज साहेब म्हणाले, "दर तीन महिन्यांनी हा खटाटोप कशाला? सरळ दोन वर्षांची मुदत टाका."

तिने फोन लावला. "यापुढे दोन वर्षांची मुदत टाकायची आहे. तशी टाकता येते, हे मला आजच कळलं."

"खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होतो," तो हसत म्हणाला. "मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेईल?"

तिने रकान्यात दोन वर्षं टाकली, आपला अर्धा पासवर्ड भरला आणि खुर्ची फोनजवळ ओढून ती म्हणाली,


"दोन वर्षं थांबणं काही मला जमायचं नाही. आपण लग्न करूया."