कमळपानांची राखण

"हे कात्रीचंच काम हाय," असे म्हणत सोमलिंगआप्पांनी कमळाचे पान तळ्याकाठी जमलेल्या पंचांपुढे धरले. पानाच्या कडेला बोटाच्या पेराएवढी, अंड्याच्या आकाराची खाच होती. अगदी बेतून कापल्यासारखी. पंधरा दिवसांत आप्पांच्या तळ्यातली निम्मी पाने अशी कातरली गेली होती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी महादेवाच्या प्रसादाला पत्रावळी म्हणून हीच पाने द्यायची होती.

तलवाड्यात तशी कात्री एकाचीच: तहसीलदारांची शेरवानी शिवणाऱ्या मन्मथची. त्याने आप्पांच्या शांतादेवीला मागणी घातली होती. 'सुईदोऱ्यावर संसार चालत न्हाई,' म्हणून आप्पांनी त्याला वाटेला लावले होते.

"आप्पा, मी कावून कापू?"

"सूड, बे! सोमवारच्या आत खरा चोर दाखव, न्हाईतर मशीन उचल अन् गाव सोड."

"अन् दाखवला तर?"

"पोर देतो!" आप्पा तावातावाने बोलून गेले. पंचांनी मिशीतल्या मिशीत हसून मान डोलावली.

शांतादेवी दलदलीपलीकडच्या विहिरीचे पाणी घेऊन येत होती. पाणी हिंदकळू नये म्हणून घागरीत दलदलीतली दोन कमळपाने घातलेली. अलीकडच्या सवयीप्रमाणे ती पाने तिने काढून तळ्यात टाकली.

"मग त्यांनाच बसवा की राखणीला," ती मन्मथकडे बघत म्हणाली. "चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या, म्हंजी चोरी करतो कसा?"

आप्पांना पोरीच्या अकलेचे कौतुक वाटले.

तीन दिवस मन्मथ काठावर बसून शेरवानीला काजे करीत राहिला आणि आप्पा तळ्याकाठच्या आपल्या दुकानातून त्याच्या कात्रीवर डोळा ठेवून राहिले. चौथ्या दुपारी मन्मथ ओरडतच आला. त्याच्या हातातल्या पानाच्या पाठीला कापलेला तुकडा रेशमी धाग्याने टाचलेला होता. आत एक इवली अळी होती.

"शिवण हाय, आप्पा, पर माझी न्हाई. येवढी बारीक टीप मला येत न्हाई!"

तळ्यावर तपकिरी रेघांच्या पांढुरक्या, नखाएवढ्या पाकोळ्या भिरभिरत होत्या.

"ह्यांचीच पिल्लं," मन्मथ तिकडे बोट दाखवत म्हणाला. "दलदलीत लई हायेत."

आप्पा शब्दाचे पक्के होते. शाबूत पाने प्रसादाला कशीबशी पुरली आणि त्याच पंगतीत साखरपुडा उरकला.

दुसऱ्या सकाळी आप्पा पायरीवर बसले होते. शांतादेवी घागर घेऊन आली. तिने पाण्यावरची पाने काढली, उलटून पाठीला टाचलेले तुकडे नीट पाहिले आणि पाने शेळीपुढे टाकली.

"आज तळ्यात न्हाई टाकलीस?"

"आता कशाला, आप्पा?"